कंसातलं आदिलाबाद

इचोड्यातून जाणारा रस्ता थेट दिल्लीला जातो. हैदराबादहून येणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग निर्मलजवळचा घाट चढतो, नेरडिगोंडा, इचोडा, गुडीहतनूर करत आदिलाबादला पोचतो, पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात शिरतो आणि नागपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा अशी एकेक गावं मागे टाकत राजधानी गाठतो. हंगामात या रस्त्याने कापूस जातो, सोयाबीन जातं. आणि दर पाच वर्षांनी या भागाने निवडलेला एक माणूस जातो.

तो परत आला की त्याला विचारायचा प्रश्न ठरलेला असतो. काय आणलंत? रेल्वे आणली का, पूल आणला का, कापसाला भाव आणला का? सत्ताधारी बाकावर बसणाऱ्याला हे विचारणं रास्तच आहे. विरोधी बाकावरच्या माणसाकडे मात्र वाटायला काहीच नसतं. त्याच्या हाती फाईल नाही, निधी नाही, सचिव नाही. त्याच्याकडे असतं फक्त बोलणं, आणि तेही अध्यक्षांनी नाव पुकारलं तर, पक्षाच्या वाट्याला आलेल्या मिनिटांत, घंटी वाजेपर्यंत. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस म्हणतो, ‘बोलून काय होतंय?’ त्याचा राग मला समजतो. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शोधायला आपल्याच मतदारसंघाच्या इतिहासात डोकवावं लागतं.

१९५२ ची पहिली निवडणूक. हैदराबाद संस्थान भारतात येऊन चार वर्षंही झाली नव्हती. देशभर काँग्रेसची लाट, ४८९ पैकी ३६४ जागा तिच्या. समाजवादी पक्षाच्या वाट्याला आल्या अवघ्या १२. त्या बारांतली एक आदिलाबादची. निवडून आले सी. माधव रेड्डी. त्याच निवडणुकीत नलगोंड्यातून कम्युनिस्ट रावी नारायण रेड्डींनी नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेतली, म्हणून इतिहासाची पुस्तकं नलगोंड्यापाशी थांबतात आणि आदिलाबाद राहून जातं. निजामाची जहागिरी, सावकारी, जंगलातून हुसकावलेले गोंड आणि कोलाम, हे सगळं पाठीशी असलेल्या एका मागास जिल्ह्याने पहिल्याच संधीला आपला माणूस सरकारच्या समोरच्या बाकावर बसवला, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

तो माणूस त्या बाकावर असतानाच या भागाची नवी रेघ आखली गेली. १९५५ साली फाजल अली आयोगाचा अहवाल आला आणि १९५६ साली राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला. त्या कायद्यातली आपल्या जिल्ह्याबद्दलची ओळ प्रत्येकाने एकदा तरी वाचावी. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्याला. नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं मात्र अलीकडे, आंध्र प्रदेशात. इस्लापूर गेलं, बोथ राहिलं. इचोडा बोथच्या बाजूचं, म्हणून तेही राहिलं. मराठी बोलणारी घरं रेघेच्या दोन्ही अंगांना राहिली. सोयरिकी तशाच चालू राहिल्या, फक्त मुलांच्या शाळेची पाटी बदलली.

महाराष्ट्रात सीमाभाग म्हटलं की बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही नावं ओठावर येतात. ती घोषणेतच होती. आदिलाबाद त्या घोषणेत कधीच नव्हतं. सीमेसाठी इथे मोर्चे निघाले नाहीत, गोळीबार झाले नाहीत. इथला मराठी माणूस बाजारात तेलुगू शिकला, कचेरीत उर्दू शिकला आणि घरात मराठी बोलत राहिला. याचं मला दुःख नाही. चार-पाच भाषा कानावर घेऊन वाढणारं गाव हे श्रीमंत गाव असतं. एक गोष्ट मात्र खटकते. रेघेच्या अलीकडे राहिल्यामुळे इथल्या मराठी वाचकाला आपल्या मतदारसंघाचं दिल्लीतलं बोलणं कधी नीट वाचायलाच मिळालं नाही. नागपूर-नांदेडकडून येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांत तिकडचे खासदार असायचे. इकडच्या खासदाराची बातमी तेलुगूत. आणि तो खुद्द सभागृहात बोलणार इंग्रजीत.

लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तान्त कसा तयार होतो, हे पाहण्यासारखं आहे. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या समोरच्या मेजाशी लघुलेखक बसतात. पाळीपाळीने काही मिनिटं लिहायचं, उठायचं, आत जाऊन टंकलेखन करायचं, तोवर दुसरा बसलेला असतो. शब्दन् शब्द टिपायचा. सदस्याला त्याच्या भाषणाची प्रत तपासायला मिळते. त्यात तो चुका दुरुस्त करू शकतो, म्हणणं बदलू शकत नाही. मग ते छापलं जातं. पानावर सदस्याचं नाव येतं आणि त्याच्यापुढे कंसात मतदारसंघ. श्री सी. माधव रेड्डी (आदिलाबाद). हा कंस मला फार मोलाचा वाटतो. पक्षाचं नाव तिथे नसतं. माणूस कुणाच्या वतीने उभा आहे, एवढंच असतं. त्या दोन अर्धगोलांच्या आत निर्मल आहे, बोथ आहे, आणि बाजाराच्या दिवशी कोथिंबिरीची जुडी घेऊन बसलेली इचोड्याची बाईसुद्धा आहे.

त्याच पानांवर आणखी एक कंस वरचेवर भेटतो. त्यात ‘व्यवधान’ एवढंच लिहिलेलं असतं. आरडाओरडा झाला, कोण काय म्हणालं ते टिपता आलं नाही, किंवा टिपू नका असं अध्यक्षांनी सांगितलं. विरोधी सदस्याचं भाषण वाचताना हा शब्द ओळीओळीला अडवतो. सरकारी बाकांवरून उठलेला गदारोळ पार करत माणूस आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा अडतो, पुन्हा सुरू करतो. भाषणांच्या संकलित पुस्तकात हे सगळं गाळलेलं असतं. माझ्या मते ते गाळू नये. ज्याला अडवलं गेलं त्याचं वाक्य कुठे अडलं, यावरून सरकारला काय झोंबलं ते कळतं.

माधव रेड्डी १९५७ नंतर लोकसभेत राहिले नाहीत. पुढची सत्तावीस वर्षं आदिलाबादची जागा काँग्रेसकडे होती. याच काळात, २० एप्रिल १९८१ ला, इचोड्याच्या शेजारच्या इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा. गावोगाव सांगितला जाणारा आकडा त्याहून कितीतरी मोठा. हे दोन आकडे आजही एकमेकांसमोर उभे आहेत. अशा वेळी सभागृहात विचारणारा माणूस कोणत्या बाकावर बसला आहे, याला महत्त्व येतं. सरकार आपल्याच पक्षाचं असलं की बोट रोखणं कुणालाही जड जातं, पक्ष कोणताही असो.

१९८४ साली माधव रेड्डी परत आले, पहिल्या विजयानंतर बत्तीस वर्षांनी, याच मतदारसंघातून, आणि पुन्हा विरोधी बाकावर. या वेळी पक्ष एन. टी. रामारावांचा तेलुगू देसम. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. काँग्रेसने ४०० चा आकडा ओलांडला. भाजपचे दोनच खासदार आले, त्यांतले एक हनमकोंड्याचे, पी. व्ही. नरसिंह रावांना हरवून आलेले. आणि या सगळ्या पडझडीत तेलुगू देसम ३० जागा घेऊन लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष ठरला. प्रादेशिक पक्षाच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच आला. त्याचे लोकसभेतले नेते होते आदिलाबादचे माधव रेड्डी. विरोधी पक्षनेत्याचं अधिकृत पद मिळायला सभागृहाच्या एकदशांश सदस्य लागतात. तेवढे कुणाकडेच नव्हते, त्यामुळे पद रिकामं राहिलं. पण बोलण्याच्या क्रमात सगळ्यात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याचं स्थान पुढचं असतं. पंतप्रधानांच्या समोर उभं राहून सरकारला जाब विचारणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत आदिलाबादचं नाव जवळजवळ पाच वर्षं होतं. इचोड्यात हे किती जणांना माहीत आहे? आज विचारून पाहावं. राजीव गांधी आठवतील, एन. टी. रामाराव आठवतील. आपण निवडून दिलेला माणूस त्या सभागृहात कुठे बसत होता, ते आठवणार नाही.

त्याच बाकांवर आपला एक मराठी माणूसही होता. राजापूरचे मधू दंडवते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आकड्यांत पक्के. राजापूर या मतदारसंघाचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. कोकणातल्या त्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या मुलखाने १९५७ पासून तीनदा बॅरिस्टर नाथ पैंना पाठवलं, आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून दंडवत्यांना पुन्हा पुन्हा. दंडवत्यांच्या रेल्वे आणि अर्थ मंत्रिपदांचा अल्प काळ वगळला तर हे दोघंही जवळपास कायम विरोधातच होते. राजापूरच्या मतदाराला ठाऊक होतं की हा माणूस आपल्याला फारसं काही आणून देऊ शकणार नाही. तरी त्याने त्याला पाठवलं, कारण तिथे बोललेलं त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचत होतं. नाथ पै दिल्लीत काय म्हणाले, ते वेंगुर्ल्याच्या पारावर मराठीत सांगितलं जायचं.

नाथ पैंच्या एका हरलेल्या विधेयकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निकालाने सांगितलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसद करू शकत नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं. घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करा, असं त्यांचं म्हणणं. खासगी विधेयकांना शुक्रवारची दुपार मिळते, अडीच तास, जेव्हा निम्मे सदस्य आपापल्या गावच्या गाड्या पकडायला निघालेले असतात. त्या वेळात एका छोट्या पक्षाच्या खासदाराने संसद आणि न्यायालय यांच्या नात्याचा प्रश्न सभागृहासमोर उभा केला. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर वाद झडले, पण ते मंजूर झालं नाही. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी भाषण करून आल्यावर काही तासांतच नाथ पै गेले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. त्यांचं म्हणणं सगळंच्या सगळं योग्य होतं, असं मी म्हणणार नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेला दुरुस्तीचा अधिकार मान्य केला आणि घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायची मनाईही केली, आणि ती मनाई देशाच्या किती कामी आली हे आणीबाणीने दाखवलं. पण या सगळ्या वादाची सभागृहातली मांडणी एका विरोधी सदस्याने केली होती आणि ती वृत्तान्तात तशीच्या तशी होती, म्हणून ती पुढे वापरता आली.

‘बोलून काय होतंय?’ या प्रश्नाला आणखी एक उत्तर १९६३ सालातलं आहे. ऑगस्ट महिन्यात आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. ३४७ विरुद्ध ६२ मतांनी तो पडला. आकडे पाहिले तर विषय संपला. पण त्या चर्चेत नुकतेच फर्रुखाबादमधून निवडून आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले की या देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा दिला. नियोजनमंत्री साडेसात आण्यांवर आले. कुणाचा आकडा खरा, यापेक्षा मला वेगळीच गोष्ट मोठी वाटते. तोपर्यंत गरीब माणसाचं रोजचं उत्पन्न आण्यांत मोजून सांगायची वेळ सरकारवर आली नव्हती. ती त्या भाषणाने आणली. विरोधी भाषणाचं माप मी यावरून घेतो. त्याने किती मतं वळवली, यावरून घेत नाही, कारण मतं पक्षाच्या आदेशावर पडतात, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर वळायची सोयच उरली नाही. त्याने सरकारला कोणतं उत्तर नोंदीवर द्यायला लावलं, हे पाहायचं.

हल्ली खासदाराची हजेरी टक्क्यांत मिळते, विचारलेले प्रश्न आणि भाग घेतलेल्या चर्चा आकड्यांत मिळतात. ही माहिती हाताशी आली हे फार चांगलं झालं. नुसतं खुर्चीत बसून पाच वर्षं काढणारे त्यातून उघडे पडतात. तरी त्या तक्त्यात लोहियांचं तीन आण्यांचं भाषण एक चर्चा म्हणूनच धरलं जाईल, आणि शेजारच्या रकान्यात कुणी पंतप्रधानांच्या अभिनंदनाचं भाषण केलं असेल तर तीही एकच चर्चा.

भाषेचा प्रश्न मात्र मला सोडवत नाही. घटनेच्या १२० व्या कलमाने संसदेचं कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत ठरवलं, आणि ज्याला या दोन्हींत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलायची मुभा दिली. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि मराठीत बोलले. लोकसभेत मराठीत बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचंच नाव घेतात. पत्रीसरकार चालवलेल्या त्या माणसाला इंग्रजीची उसनवारी करायची गरज वाटली नाही. पुढे दुभाषांची सोय वाढत गेली. इचोड्याच्या बाजारातल्या भाषांपैकी तेलुगू, मराठी, उर्दू या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. गोंडी नाही. कोलामी नाही. तांड्यावरची लमाणी नाही. इंद्रवेल्लीच्या स्मारकापाशी दरवर्षी जी भाषा रडते, तिच्यासाठी सभागृहात दुभाषा नाही.

आता ११ डिसेंबर १९८७. बोफोर्स तोफांच्या व्यवहारातल्या लाचेची बातमी स्वीडनच्या रेडिओवर आली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. ऑगस्टमध्ये संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. देशात त्या वर्षी मोठा दुष्काळ होता. अशा वेळी राजीव गांधींच्या सरकारवर अविश्वास ठराव आला. राजीव गांधींच्या पाच वर्षांतला तो एकमेव अविश्वास ठराव, आणि तो मांडणारे सी. माधव रेड्डी, आदिलाबाद. ठराव दाखल करून घ्यायलाच निदान ५० सदस्यांनी जागेवर उभं राहावं लागतं. तेलुगू देसमचे होते तीस. म्हणजे इतर पक्षांची माणसं उठली म्हणून ठराव चर्चेला आला. तो मंजूर होणार नाही, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि तो पडला, तोही आवाजी मतदानाने.

आवाजी मतदानाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, ज्यांचा आवाज मोठा त्यांचा कौल. कुणी मतविभागणी मागितली नाही तर कोण कुणीकडे होतं, किती जण होते, याची नोंदच होत नाही. म्हणजे त्या ठरावाच्या बाबतीत चारशेंच्या बहुमताचा आकडा वृत्तान्तात मतांच्या रूपाने उमटलेलाच नाही. उमटली आहेत ती भाषणं. ठराव मांडणाऱ्याने घेतलेले आक्षेप आणि सरकारने त्यांना दिलेली उत्तरं. ठराव मांडणाऱ्याला शेवटी उत्तराचाही हक्क असतो, मतदानाच्या आधीचा शेवटचा शब्द त्याचा. बहुमत त्या दिवशी जिंकलं, पण कागदावर राहिला तो वाद.

पुढची दोन वर्षं आणखी तापली. १५ मार्च १९८९ ला इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून ६३ विरोधी खासदार एकाच दिवशी निलंबित झाले. जुलैमध्ये महालेखापरीक्षकांचा बोफोर्सवरचा अहवाल आला आणि तेलुगू देसमसह विरोधी पक्षांच्या बहुतेक सदस्यांनी लोकसभेचे राजीनामे दिले. त्या राजीनाम्यांचं तेव्हा फार कौतुक झालं. मला मात्र तो निर्णय आजही पटत नाही. ज्याच्या हाती बोलण्याशिवाय काही नाही त्याने बोलायची जागा सोडू नये. रिकाम्या बाकांच्या नावापुढे कंस येत नाही.

तेव्हा दूरदर्शनवर सभागृह दिसत नव्हतं. रेडिओवर रात्री संसदेच्या कामकाजाचा आढावा यायचा, हिंदीत आणि इंग्रजीत. वर्तमानपत्रात चार ओळी. आज १९५२ पासूनचे सगळे वृत्तान्त संगणकावर उपलब्ध आहेत, कुणालाही, फुकट. अडचण एवढीच की ते इंग्रजी-हिंदीत आहेत आणि आमच्याकडे ते कुणी उघडत नाही. म्हणून मला वाटतं, इचोड्याच्या शाळा-कॉलेजांत, मंडलाच्या वाचनालयात एक फाईल असावी. आदिलाबादच्या खासदारांनी लोकसभेत केलेली भाषणं, सगळ्या पक्षांची, तेलुगूत, मराठीत आणि गोंडीतही. गोंडीला सभागृहात जागा नाही, वाचनालयात देता येईल. आमच्या जिल्ह्यात तिन्ही भाषा लिहू-वाचू शकणारे शिक्षक आहेत. राज्य पुनर्रचनेच्या चर्चेची पानं त्यात आधी यावीत, कारण आजोबांच्या शेताच्या बांधावरून गेलेली रेघ तिथे आहे. त्यानंतर ११ डिसेंबर १९८७. त्या दिवसाचं कामकाज मराठीत आणायला एका माणसाला उन्हाळ्याची एक सुट्टी पुरेल, आणि ते करताना ‘व्यवधान’ जिथे जिथे आहे तिथे ते तसंच ठेवावं.